कडकताईंचं म्हणणं

धुलाईखान्यात त्यांना कडकताई का म्हणतात, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळायची. पहिलं म्हणजे, डॉक्टरांच्या कोटांना खळ घालायचं काम बत्तीस वर्षं त्यांच्याकडेच होतं आणि त्यांच्या हातचा कोट असा कडक निघायचा की घडी मोडताना आवाज व्हायचा. दुसरं उत्तर लोक आधी मागे वळून बघायचे आणि मग द्यायचे.

धुलाईखाना एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात होता. वर सहा मजल्यांवर आजारी माणसं आणि खाली त्यांच्या चादरी, अभ्रे, गाऊन, टॉवेल. धुण्याची अवाढव्य यंत्रं, चार वाळवणी यंत्रं, आणि मधोमध तो लांबलचक तापलेला रोलर, ज्यातून ओली चादर एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कोरडी ठणठणीत बाहेर पडायची. आवाज असा की शेजारच्या बाईने तुमच्या नावाने बोंब मारली तरी तुम्हाला तिचं नुसतं तोंड हललेलं दिसावं.

या आवाजापायी तिथे एक पद्धत पडली होती. कुणी काही सांगितलं की ऐकणारीने आधी ते परत सांगायचं आणि मगच कामाला लागायचं. "गाऊन, उकळतं पाणी, चाळीस मिनिटं." समोरची 'हो, हेच' म्हणाली की बटण दाबायचं. एकदा एकीने न ऐकताच मान डोलावली होती, तर बालविभागाची साठ लोकरी पांघरुणं बाहुल्यांच्या मापाची होऊन बाहेर आली. तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली. पुढे युनियन निघाली तेव्हा ती सभेतही शिरली. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्या समाधानापुरतं परत सांगायचं, त्याने 'हो, हेच' म्हटलं की मग आपलं तोंड उघडायचं. बाहेरून आलेले पुढारी याला हसायचे. एकेका सभेला तीन तीन तास लागायचे, हे खरं. पण या युनियनमध्ये बावीस वर्षांत फूट पडली नव्हती आणि हसणाऱ्यांच्या एका युनियनच्या तोवर तीन झाल्या होत्या.

युनियन उभी केली ती दोघींनी. एक कडकताई आणि दुसरी त्यांची मैत्रीण. तिला सगळे सेक्रेटरीण म्हणत, कारण इतिवृत्ताची वही पहिल्या दिवसापासून तिच्याच काखेत असायची. दोघी एकाच आठवड्यात कामाला लागल्या, दोघींचे संसार एकाच वेळी मांडले गेले, आणि दोघींची भांडणं एकमेकींशी कधीच झाली नाहीत, कारण भांडायला समोर मुकादम होता.

या मुकादमाचं सांगायलाच हवं. इस्पितळाच्या नियमाप्रमाणे घरचे कपडे कामावर चालत नाहीत आणि कामाचे घरी चालत नाहीत. त्यामुळे आल्यावर एकदा आणि जाताना अंघोळ करून पुन्हा एकदा कपडे बदलायचेच. पुरुषांना त्यासाठी खोली होती. बायका दोन वाळवणी यंत्रांच्या मध्ये चादर बांधून काम भागवत, आणि मुकादम नेमका त्याच वेळी यंत्रं मोजायला यायचा. यंत्रं चार होती. चार यंत्रं दिवसातून दोनदा मोजावी लागतील इतका काही त्याचा हिशेब कच्चा नव्हता. तक्रारी केल्या, अर्ज केले, वरच्या मजल्यावरून नुसती आश्वासनं खाली आली. शेवटी दोघींनी सगळ्यांना घेऊन काम थांबवलं. दोन दिवस ऑपरेशनचे गाऊन वर गेले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी खोली मिळाली. वीस खुंट्या, दोन न्हाण्या, एक आरसा. दाराची आतली कडी मात्र कडकताईंनी स्वतः दुकानात जाऊन निवडली, चांगली वीतभर लांब. ती बसवताना सुतार म्हणाला, "ताई, एवढी कशाला? हे काय तुरुंगाचं दार आहे?" त्या म्हणाल्या, "तुरुंगाची कडी बाहेरून असते."

तेव्हापासून बावीस वर्षं कडकताई युनियनच्या महिला प्रतिनिधी होत्या. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. आता खळीच्या पातेल्याचा निरोप घ्यायचा आणि युनियनच्या बाकावर मानाने बसून नव्यांच्या चुका काढायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात महासंघाचं पत्र आलं.

पत्र सेक्रेटरिणीने आणलं, जेवणाच्या सुट्टीत. महासंघ म्हणजे सगळ्या युनियनांची वरची संघटना. त्यांनी एक धोरण केलं होतं आणि प्रत्येक शाखेने ते आहे तसं मंजूर करायचं होतं. कडकताईंनी चष्मा लावला. पहिलं कलम असं, की सभासद स्वतःला जी म्हणवते तीच ती, बाई म्हणवत असेल तर बाई. कडकताईंनी मान डोलावली. दुसरं, की बायकांच्या सर्व जागा तिला त्याच दिवसापासून खुल्या, तिच्या शब्दापलीकडे कशाचीही गरज नाही. इथे मान थांबली. तिसरं, की याबद्दल शंका वा हरकत घेणं हा संबंधित सभासदाचा अपमान समजला जाईल आणि तिने तक्रार केल्यास हरकत घेणाऱ्याचं सभासदत्व जाईल. खाली ओळ होती, 'सर्व महिला सभासदांच्या वतीने', आणि सहीसाठी टिंबं.

"सही कर," सेक्रेटरीण म्हणाली. "शनिवारी सभा आहे, त्याआधी हवी."

"सगळ्या महिलांच्या वतीने? त्यांना विचारलं कुणी?"

"अगं, यात विचारायचंय काय? ती रोलरवाली आहे ना आपल्याकडे? तिच्यासाठीच आहे हे."

रोलरवाली आठ महिन्यांपूर्वी लागली होती. उंच, शांत, तापलेल्या रोलरमध्ये चादर अशी सरळ घालायची की एक चुणी पडू नये. जन्माने ती मुलगा होती, आता बाई म्हणून जगत होती, आणि हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नव्हतं. धुलाईखान्यात काम चोख असलं की बाकीचं खपून जातं.

"रोलरवालीबद्दल माझं काही म्हणणं नाही," कडकताई म्हणाल्या. "पण हा नियम तिच्या एकटीसाठी नाही. उद्या जो येईल त्याच्यासाठीही आहे. नुसत्या शब्दावर कडी उघडायची, आणि शब्द खोटा निघाला तर काय करायचं ते कुठे लिहिलंय? आणि विचारलं तर मलाच बाहेर काढणार?"

"कोण खोटं बोलणार आहे? असं कुठे होतं का?"

"यंत्रं मोजायला माणूस येतो, असं तरी कुठे होतं का?"

सेक्रेटरिणीने पत्राची घडी घातली. चिडली की तिचा आवाज बारीक व्हायचा. "तू त्या लोकांसारखी बोलायला लागलीस."

'ते लोक' म्हणजे समोरचा पक्ष, ज्यांना बायकांनी घराबाहेर काम करणंच मुळात पसंत नव्हतं. कडकताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षांत त्यांना कुणी भांडखोर म्हणालं होतं, आगाऊ म्हणालं होतं, एका डॉक्टरने तर उद्धट म्हणून लेखी दिलं होतं. पण 'ते लोक' कुणी म्हटलं नव्हतं. त्या एवढंच बोलल्या, "मी सही करणार नाही."

"मग तिसरं कलम तुलाच लागेल गं," सेक्रेटरीण म्हणाली. धमकी म्हणून म्हणाली नाही, घाबरून म्हणाली, आणि तेच जास्त लागलं.

अशा बातम्यांना पाय फुटतात. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी 'त्या लोकांचा' एक पुढारी फुलांचा गुच्छ घेऊन कडकताईंच्या घरी हजर. पांढरे स्वच्छ बूट, दारात काढायला तयार नाही. तसाच आत येऊन खुर्चीवर बसला.

"ताई, आपल्यासारख्या धाडसी भगिनींची आज समाजाला गरज आहे. आपण आमच्या व्यासपीठावर यावं. दोन शब्द बोलावेत."

"कशावर?"

"महिलांच्या सुरक्षिततेवर. आपल्या युनियनने तर ताळतंत्रच सोडलंय."

कडकताईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. केस पिकले होते, पण तोंड तेच होतं. "बावीस वर्षांपूर्वी आम्ही काम थांबवलं तेव्हा तुम्ही फाटकापाशी भाषण केलं होतं. आठवतं? 'एवढीच लाज असेल तर बायकांनी घरी बसावं.'"

"जुन्या गोष्टी, ताई. आज आपण एका बाजूला आहोत."

"तुमची बाजू बदलली नाही आणि माझीही बदलली नाही. तुम्हाला आत्ता उभं राहायला माझी सावली सोयीची वाटली, एवढंच. फुलं घेऊन जा. आणि त्या सतरंजीवर उमटलेले बूट बघा, ते कुणी धुवायचे? मी दिवसभर तेच करते."

तो गेला. स्वयंपाकघरातून मुलगी बाहेर आली. ती वकिलाकडे उमेदवारी करत होती आणि आईशी वाद घालणं हाच तिचा सराव होता.

"आई, तू त्याला हाकललंस ते छान केलंस. पण तुझं चुकतंयच."

"चुकतंय तर चुकतंय. माझं मी चुकते. त्याच्या गाडीत बसून नाही चुकणार."

"माणसाला स्वतःबद्दलचं खरं दुसऱ्याकडून पास करून घ्यायला लावायचं, हे तुला बरं वाटतं?"

"नाही वाटत," कडकताई म्हणाल्या. "आणि बाईला 'गप्प बस, शंका घेऊ नकोस' म्हणायचं, हेही नाही वाटत बरं. आता काय करू? दोन्ही नाही वाटत."

मुलीने कपाळाला हात लावला आणि सतरंजी झटकायला घेतली. तिचं आणि आईचं जमायचं ते असंच.

गुरुवारी वरिष्ठांची पाहणी होती म्हणून कडकताई तासभर लवकर आल्या. खळीचा डबा संपला होता. नवा आणायला त्यांनी कोठीचं दार उघडलं. कोठीत कपडे पांढरे करायच्या औषधाची पिंपं असायची. पाच मिनिटं उभं राहिलं तर डोळ्यांतून पाणी यायचं. पिंपांच्या मागे, एक चादर दोन खिळ्यांना बांधून, रोलरवाली कपडे बदलत होती. एक बाही घातलेली, एक लोंबती. तिने चादर छातीशी ओढली. डोळे लाल झालेले.

कडकताईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेर पाठ लावून उभ्या राहिल्या. एक हमाल पिंप घ्यायला आला, त्याला त्यांनी नजरेनेच परत पाठवलं. रोलरवाली बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"आठ महिने."

"इथे? त्या वाफेत? सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "तुम्हाला?"

कडकताईंना त्या दिवशी लाज वाटली. साधी सरळ लाज. चादरीआड कपडे बदलण्यावरून ज्यांनी इस्पितळ बंद पाडलं, त्यांच्या नाकासमोर आठ महिने एक बाई चादरीआड कपडे बदलत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. पत्ता करून घेतला नव्हता, हे जास्त खरं.

पण कडकताई लाज वाटली म्हणून मत बदलणाऱ्या नव्हत्या. त्या कामाला लागल्या. खोली वापरणाऱ्या बाकीच्या अठरा जणींना त्यांनी दिवसभरात एकेकीला गाठून विचारलं, "रोलरवाली आपल्या खोलीत आली तर चालेल?" सोळा जणी म्हणाल्या, येऊ दे की, एवढे दिवस कुठे होती? एक म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. कडकताई म्हणाल्या, "खोली काय त्याने मिळवली? तू सांग." तिने मग तिथल्या तिथे 'चालेल' सांगितलं. फाटक्या चादरी शिवणारी मात्र बराच वेळ सुई हातात धरून बसली. मग म्हणाली, "ताई, मला कपडे बदलताना आत दुसरं कुणीच नको असतं. तुम्हीसुद्धा नको असता. मी कधी बोलले नाही." तिच्या मागच्या आयुष्यात काय घडलं होतं ते कडकताईंना थोडंफार माहीत होतं. तिच्यासाठी सगळ्यात शेवटची पाळी ठरली, एकटीची, कडी लावून. संध्याकाळपर्यंत सगळं जमलं. पाहा, कडकताई मनात म्हणाल्या, विचारलं की होतं. याला तीन कलमं कशाला लागतात?

मोठ्या समाधानाने त्या रोलरपाशी गेल्या. "उद्यापासून खोलीत ये. सगळ्यांना विचारलंय मी. कुणाची हरकत नाही."

रोलरवालीने यंत्र थांबवलं. "सगळ्यांना म्हणजे?"

"अठराजणींना."

"आणि मला?"

हा विचार कडकताईंच्या मनातच आला नव्हता.

"ताई, तुम्ही कामाला लागलात तेव्हा तुमच्याबद्दल अठरा जणींना विचारलं होतं का? आज दिवसभर प्रत्येक यंत्रापाशी माझं नाव निघालं. मला ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं, एवढंच. तुमचं मन चांगलं होतं, मला कळतं. पण मला वाटलं, आता बाजारात गाय दाखवतात तसे माझे दातही बघणार."

कडकताई कशाबशा म्हणाल्या, "चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं. येतेस का?"

"येते. डोळे जळतात म्हणून येते. उपकार म्हणून नाही."

शुक्रवारी ती आली. दाराजवळची खुंटी घेतली, कपडे बदलले, आरशात बघून केस बांधले, कामाला गेली. कुणाला काही झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. सेक्रेटरिणीलाही तसंच वाटलं. शनिवारी सकाळी तिने पत्र पुन्हा पुढे केलं. "झालं ना? आली ना ती खोलीत? मग कर सही."

"ती आली म्हणून मी आनंदात आहे. पण कागदावर लिहिलंय ते वेगळं आहे, आणि ते मी वाचलंय."

"हट्टी आहेस."

"तुला आज कळलं?"

सभा दुपारी उपाहारगृहात झाली. एकोणचाळीस माणसं होती. सेक्रेटरिणीने पत्र वाचलं आणि सांगितलं की शब्द बदलता येणार नाहीत, हो किंवा नाही एवढंच म्हणायचं. कडकताई उभ्या राहिल्या. भाषण त्यांना कधीच येत नव्हतं.

"रस्त्यावर, कामावर, पगाराच्या कागदावर, जी स्वतःला बाई म्हणते तिला मी बाई म्हणेन. त्यासाठी तिला कुणी कागद मागितला तर मी आडवी येईन. पण कपडे बदलायची खोली आणि न्हाणी इथला नियम नुसत्या शब्दावर नको. शब्द खोटा निघाला तर काय, हे आधी ठरवा. ठरवताना तिथे कपडे काढणाऱ्या बायकांना विचारा. आणि विचारणारीला शत्रू म्हणू नका. एवढंच माझं म्हणणं. आता मला कुणीतरी खोडा. पण आधी परत सांगा."

महासंघाकडून आलेला निरीक्षक हसला. पण पद्धत ती पद्धत. सेक्रेटरीण उठली.

"ताईंचं म्हणणं असं, की रोलरवालीला खोलीत घेऊ नये."

"नाही," कडकताई म्हणाल्या.

"ताईंचं म्हणणं असं, की तिच्यासारख्या बायका खोटं बोलतात."

"नाही."

"ताईंना भीती वाटते आणि त्या भीतीपोटी..."

"नाही गं!" कडकताईंचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं तू माझं वाक्य माझ्याआधी पुरं करतेस. आज सरळ सरळ ध चा मा करतेस?"

सेक्रेटरीण वहीकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा चुकलं की पद्धतीप्रमाणे दुसऱ्या कुणीही सांगायचं. खोलीत ज्या ज्या येऊन "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे हं" असं कुजबुजून गेल्या होत्या, त्या सगळ्या एकाएकी आपल्या नखांकडे बघायला लागल्या.

मागच्या बाकावरून रोलरवाली उठली.

"त्यांचं म्हणणं असं," ती सावकाश म्हणाली, "की मला बाई मानायला त्यांना कागद नको. खोलीपुरता मात्र नुसता शब्द पुरेसा नाही, कारण तो शब्द माझ्याखेरीज दुसराही कुणी वापरेल, आणि त्या वेळी काय करायचं ते कुणीच ठरवलेलं नाही. ते खोलीतल्या बायकांना विचारून ठरवावं. आणि असं म्हटलं म्हणून त्यांना बाहेर काढू नये."

"हो," कडकताई म्हणाल्या. "हेच."

"मला हे पटत नाही," रोलरवाली म्हणाली. "घर भाड्याने घ्यायचं, दाखवा पुरावा. दवाखान्यात जायचं, दाखवा. दर ठिकाणी टेबलामागचा परका माणूस ठरवणार मी कोण ते. तुमचा तो मुकादम बाई म्हणवून चादरीआड शिरला होता का? तो मुकादम म्हणूनच आला होता. ज्याला घाण करायची तो परवानगीची वाट बघत नाही. तुम्ही दाराला चाळणी लावाल, तीत अडकेन मी. तो नाही अडकणार. आता तुम्ही सांगा, मी काय म्हणाले."

कडकताईंनी ते परत सांगितलं. परक्या माणसापासून चाळणीपर्यंत सगळं, एकही शब्द मवाळ न करता. मुकादमाशी आल्यावर त्या जरा थांबल्या, कारण ते खरं होतं आणि त्यांनी कधी तसा विचार केला नव्हता. तरी त्यांनी ते सांगितलं. रोलरवाली म्हणाली, "हो, हेच."

मग हात वर झाले. बाजूने सत्तावीस. अकरा जणांनी ताकाला तूर लागू दिली नाही, हात मांडीवरच ठेवले. विरोधात एक.

"नाव लिहू?" सेक्रेटरिणीने विचारलं. तिचं पेन कागदाच्या वरच थांबलं होतं.

"लिही. पूर्ण लिही. आणि प्रतिनिधी दुसरी निवडा, सही तिची घ्या."

निरीक्षकाने घसा खाकरला. "हरकत नोंदली गेली आहे. तेव्हा तिसऱ्या कलमाप्रमाणे, सभासदत्वाबाबत..."

"त्याला तक्रार लागते ना?" रोलरवालीने बसल्या जागेवरून विचारलं. "अपमान झाला तो माझा झाला, असंच लिहिलंय ना? मग तक्रार माझी. मी करत नाही." मग कडकताईंकडे वळून म्हणाली, "खोलीच्या दारात मला कधी अडवलंत तर मात्र करीन."

"कर," कडकताई म्हणाल्या. "अवश्य कर."

निरीक्षकाने कागद पिशवीत भरले. युनियनमध्ये त्या राहिल्या. बावीस वर्षांचं पद गेलं, ते जाताना वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. बाहेर पडताना दोघीतिघींनी हळूच त्यांचा हात दाबला. कडकताईंना त्या हात दाबणाऱ्यांचा कंटाळा आला.

फाटकापाशी सेक्रेटरीण उभी होती, वही काखेत धरून. ऊन चांगलंच होतं, तरी ती सावलीत गेली नव्हती.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुझं म्हणणं मला पहिल्याच वेळी कळलं होतं."

कडकताई थांबल्या.

"मुद्दाम चुकवलं मी. तीनही वेळा. एकदा का ते माझ्या तोंडून नीट बाहेर पडलं असतं, तर पाचसहा हात तुझ्या बाजूला गेले असते. कदाचित माझाही गेला असता. मला तो जाऊ द्यायचा नव्हता. ती पोरगी आठ महिने त्या वाफेत उभी होती आणि आपण बसलो होतो. मला वाटलं, या वेळी शंका नकोच."

कडकताईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"माझ्या विरुद्ध हात वर केलास, त्याचं मला काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तुला पटलं. पण एकोणचाळीस माणसांसमोर मी जे बोललेच नाही ते माझं म्हणून सांगितलंस. मला बाहेर काढलं असतंस ना, तरी एवढा राग आला नसता."

"उद्या कामावर येशील ना?"

"येईन. पुढच्या सभेलाही येईन. आणि हेच पुन्हा बोलेन."

"बोल. मी नीट सांगेन परत. शब्द देते."

सेक्रेटरिणीचे डोळे भरून आले होते आणि ती मनापासून बोलत होती, हे कुणालाही दिसलं असतं. कडकताई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कळत नव्हतं.